पिपारची मान

आधी वाटलं, त्याचं काही हरवलंय.
तीन दिवस जमिनीला नाक लावून चालत होता,
पाठीची कमान, पुढचा डावा पाय अधांतरी.
माशाचं डोकं दाखवलं तर डोळे तेवढे वर आले,
मान नाही.
मग गुरुवारी पहाटे नुसता शिंकला असेल,
आणि असा ओरडला
की चुलीवरचं दूध उतू गेलेलं
मला दुपारी दिसलं.

हियुमा बेटावर जनावरांचा डॉक्टर एकच,
तोही गाईंचा.
त्याने मानेला हात लावला आणि लगेच काढून घेतला.
म्हणाला, हेल्वे, मानेतली चकती फुटलीय.
माझं काम नाही हे. तार्तूला ने.

माझा भाऊ एन्देल दारात उभा, बूट न काढता.
एवढ्या पैशात बोटीला नवं इंजिन येईल, म्हणाला,
सात वर्षांचं कुत्रं. सोडव त्याला.
मी काही बोलले नाही.
एकतीस वर्षं फेरीबोटीच्या खिडकीत बसून तिकिटं फाडली.
कोण परत येणार नाही
ते मला नाणी मोजण्यावरून कळायचं.
मी जाण्यायेण्याची दोन तिकिटं काढली.
कुत्र्याला तिकीट लागत नाही.
तरी काढलं.

फेब्रुवारीचा समुद्र, बोटीखाली बर्फ कडकडत होता.
पिपार मासळीच्या खोक्यात, दोन्ही बाजूंना टॉवेलच्या वळकट्या.
दर धक्क्याला मी खोकं मांडीवरून वर उचलून धरलं,
जणू धक्का खालूनच येतो.

डॉक्टर अल्लिक पोरसवदा, नखं बारीक कापलेली.
पावतीच्या पाठीवर चित्र काढून म्हणाली,
दोन मण्यांमध्ये ही उशी. वाळते, खडूसारखी होते,
आणि एक दिवस वर फुटून मज्जारज्जूवर बसते.
मागून नाही जायचं, गळ्याकडून जायचं.
श्वासनळी हलकेच बाजूला सारायची, पडद्यासारखी,
आणि हाडात कोरायची एक खिडकी,
एवढीशी.
खिडकी म्हटल्यावर मला बरं वाटलं.
माझा जन्म खिडकीतच गेला.

बिलातले निम्मे पैसे आधीच कुणीतरी भरले होते.
कुणी, ते काउंटरवरची मुलगी सांगेना.

घरी आणला तेव्हा गळा तासलेला, टाके अकरा,
चारही पाय
चार वेगळ्या कुत्र्यांचे असावेत तसे.
सहा आठवडे पिंजरा. उडी नाही, जिना नाही.
वाडगं दोन विटांवर, म्हणजे मान खाली जायला नको.
गळपट्टा आता कधीच नाही.
दर चार तासांनी पोटाखाली टॉवेल घालून उचलायचं,
आणि माझी मनगटं संधिवाताने गेलेली.

दुसऱ्या रात्री एन्देल आला. बगलेत जुन्या होडीच्या फळ्या.
न बोलता पिंजरा ठोकला, न बोलता बाकावर आडवा झाला.
ज्याने जन्मात कुणापुढे मान तुकवली नाही तो माझा भाऊ
रात्री दोन वाजता बर्फात गुडघ्यांवर बसून
कुत्र्याला म्हणत होता,
मूत ना राजा, मूत.

मागचा उजवा पंजा उलटा पडायचा,
बोटांची पाठ जमिनीला.
एन्देल सरळ करायचा. पुन्हा उलटा. पुन्हा सरळ.
ओल्या जाळ्याची गाठ सोडवावी तसा, घाई न करता.
एकोणिसाव्या दिवशी पंजा आपला आपण सरळ पडला.
लगेच घसरला.
पण आम्ही दोघांनी पाहिला होता.

गळपट्टा खिळ्यावर आहे अजून.
काढवत नाही.

एप्रिलात दारापासून जळणाच्या ढिगापर्यंत,
घड्याळ लावून पाच मिनिटं.
पाचवं संपता संपता वरून रानहंस गेले,
कलकलाट करत, उत्तरेला.
पिपारने मान वर केली.
आभाळापर्यंत नाही,
धुराड्यापर्यंत.
मी म्हटलं, एन्देल, वेळ झाली, आत घे त्याला.
त्याने ऐकलं नाही.
मग विचारलं, आणि इंजिनाचं काय?
वल्ही आहेत की, म्हणाला,
टॉवेलचं टोक धरून,
वरच बघत.